वेगळा विदर्भ: भावना बाजूला ठेवा, करारावर बोला

संत्रानगरी:

गेल्या आठवड्यात पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या दूरच्या काकांनी नागपूर ऐकल्याबरोबर विचारलं, "तुम्हा लोकांना आता काय कमी आहे हो? मुख्यमंत्री तुमचा, समृद्धी महामार्ग तुमचा, मेट्रो तुमची. तरी वेगळ्या विदर्भाचं रडगाणं चालूच." हातात जिलबी होती म्हणून गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

आधी एक कबुली. दर १ मेला आमच्याकडे काळे झेंडे घेऊन जे लोक उभे राहतात, ते दरवर्षी थोडे कमी आणि थोडे म्हातारे होत चालले आहेत. मला माहीत आहे. पुढे कुणी टोमणा मारायची तसदी घेऊ नये.

पण मुद्दा झेंड्यांचा नाहीच. विदर्भ महाराष्ट्रात भावनेच्या भरात आला नाही, अटी घालून आला. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव केला होता. ऑगस्ट १९४७ मध्ये पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भाच्या पुढाऱ्यांत अकोला करार झाला. मग २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्या सह्या आहेत, आणि आमच्या बाजूने रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख यांच्याही. त्यानंतर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने स्वच्छ शब्दांत शिफारस केली की आठ जिल्ह्यांचा विदर्भ हे वेगळं राज्य व्हावं, राजधानी नागपूर. म्हणजे सरकारी आयोग राज्य द्यायला तयार होता आणि आमचे पुढारी करारावर विसंबून महाराष्ट्रात आले. नागपूर तेव्हा राजधानी होतं. उच्च न्यायालय होतं. १९५६ ला राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. हे सोडून आम्ही आलो.

करारात काय होतं? विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, तंत्रशिक्षणाच्या जागाही तशाच, नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ, आणि सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवायचा, किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं. यातलं खंडपीठ मिळालं. अधिवेशनाचं म्हणाल तर २०२४ च्या डिसेंबरात ते सहा दिवस चाललं. सहा दिवसांसाठी रविभवनाला रंग, रामगिरीच्या रस्त्यावर नवं डांबर, झिरो माइलच्या आसपास चार दिवस आधीपासून बांबूचे अडथळे. मोर्चे मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवायचे, निवेदन घ्यायचं, संत्र्याच्या पेट्या गाडीत टाकायच्या आणि शनिवारी विमान.

खर्चाचं प्रमाण किती पाळलं, हे १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या समितीने मोजलं. दांडेकर पुण्याचे, काकांनी नोंद घ्यावी. राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, ३१८६ कोटी, त्यात एकट्या विदर्भाचा १२४६ कोटी. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद १९५६ ची. मंडळं स्थापन झाली १९९४ ला. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

आणि गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, अंदाजपत्रक ३७२ कोटींचं. खर्चाचा आकडा पुढे १८ हजार कोटी ओलांडून गेला. त्या दिवशी जन्मलेल्या पोराची पोरं आता शाळेत जातात, कालवे अजून पुरे नाहीत.

एका बाजूने अटी पाळल्या नाहीत, तर दुसऱ्या बाजूला करार पुन्हा तपासायचा हक्क आहे की नाही? "मराठी माणसं तोडू नका" हे उत्तर चालणार नाही. आंध्र आणि तेलंगणात एकच भाषा आहे.


पंचगंगा:

"मराठी माणसं तोडू नका हे उत्तर चालणार नाही", हे तुम्हीच ठरवून टाकलंत, छान. मुंबईत हुतात्मा चौकात शंभरावर नावं कोरलेली आहेत. ती माणसं अनुशेषाच्या टक्केवारीसाठी मेली नव्हती. असो. तुम्हाला भावना नको आहेत तर आकड्यांवर बोलू.

दांडेकर समितीचा निम्माच कागद तुम्ही वाचून दाखवलात. विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४. मग उरलेले ३७ टक्के कुणाचे? आमचेच. कोकण, माण-खटाव, जत, आटपाडी. तुम्हाला पश्चिम महाराष्ट्र म्हटलं की साखर कारखाना आणि बुलेट दिसते. जतच्या सीमेवरच्या गावांनी पाणी मिळेना म्हणून कर्नाटकात जायची भाषा केली, ती काय हौसेनं? त्यांनाही वेगळं राज्य द्यायचं का?

आणि मुख्यमंत्री मोजा. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. वसंतराव नाईक पुसदचे, अकरा वर्षांच्या वर सलग, तेवढं दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं नाही. सुधाकरराव नाईक. देवेंद्र फडणवीस. गोसीखुर्दचे पाटबंधारे मंत्री, ठेकेदार, जमिनी बळकावणारे, सगळे कोल्हापुराहून येत नव्हते. फाइल तुमच्याच माणसाच्या टेबलावर पडून होती. मोडलेल्या करारावर सह्या दोन्हीकडच्या आहेत, तर मोडणारे हातही दोन्हीकडचे आहेत.


संत्रानगरी:

मुख्यमंत्र्यांचा मुद्दा येणार हे ठाऊक होतं. विधानसभेत २८८ जागा, त्यात विदर्भाच्या ६२. बासष्टांच्या जोरावर मुख्यमंत्री होता येत नाही. उरलेल्या सव्वादोनशेंना सांभाळणारा विदर्भाचा माणूसच त्या खुर्चीत बसू शकतो. वसंतराव एवढे टिकले याचं कारणच ते आहे.

जतच्या लोकांना पाणी मिळालंच पाहिजे. पण जतने कुणाशी लेखी करार केला नव्हता. आमच्याकडे कागद आहे.


वऱ्हाडी ठेचा:

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्या नावावर तुम्ही बिल फाडून राहिले, म्हणून बोलतो.

भाऊ, तुमच्या लेखात नागपूर किती वेळा आलं ते मोजा. आता अकोला मोजा. एकदा, तेही कराराच्या नावात. बुलढाणा, वाशीम? शून्य. गोष्ट विदर्भाची अन् पत्ता नागपूरचा, हे आमच्याकडे लहान पोरालेही समजते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत "विदर्भाला" काय मिळालं? आयआयएम मिळालं, राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं, एम्स मिळालं. तिन्ही कुठे? नागपुरात. मिहानचा उद्योग प्रकल्प कुठे? मेट्रो कुठे? अनुशेष मोजायची वेळ आली की आमच्या आत्महत्या मोजता, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्याचं न झालेलं सिंचन मोजता, अन् वाटपाची वेळ आली की पाटी वर्धा रोडवर लागते. नांदुरा तालुक्यातलं जिगाव धरण नव्वदच्या दशकापासून सुरू आहे, त्याच्यासाठी कोण्या विदर्भवाद्यानं झिरो माइलवर उपोषण केलेलं मी तरी पाहिलं नाही.

तुम्हाला खारपाणपट्टा माहीत आहे का? पूर्णेच्या दोन्ही अंगांनी, अमरावती-अकोला-बुलढाण्यातून जाणारा. माझ्या मामाचं गाव त्यात येतं. बोअरला पाणी भरपूर, पण ते हंड्यात दोन दिवस ठेवलं तर काठाला पांढरी खपली धरते. वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, अन् शेताला दिलं तर काळी जमीन चिकट होऊन मरते. मामा त्या खपलीवरून बोट फिरवून म्हणतो, "पाय, आमच्या इकळे मीठ इकत घ्या लागत नाही." गावात किडनीचे पेशंट घरोघरी. हा प्रश्न मुंबईनं सोडवला नाही, कबूल. नागपूर सोडवेल याचा पुरावा दाखवा.

अन् इतिहासच काढता तर पुरता काढा. वऱ्हाड अन् नागपूर एक कधी होते? तुम्ही भोसल्यांचे, आम्ही निजामाचे. १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०२ ला निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतलं, अन् १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं. तेव्हापासून वऱ्हाडाची तक्रार काय होती? कापसाच्या जिवावर महसूल आमचा, खर्च नागपूर अन् जबलपूरकडे. म्हणजे "आमचा पैसा राजधानी खाते" हे रडगाणं आम्ही तुमच्या आधी, तुमच्याच नावानं गायलेलं आहे.

आमचं खामगाव, मलकापूर, शेगाव. दवाखान्याले लोक अकोल्याले जातात नाहीतर संभाजीनगरले, बाजाराले जळगावले. नागपूर आमच्यापासून तीनशे किलोमीटर. जिजाऊंचं माहेर आमच्या सिंदखेड राजात. त्या मातीतल्या माणसाले तुम्ही सांगणार की महाराष्ट्र तुमचा नाही?


खिचडी:

तर्री पोहे कोणत्या राज्यात जाणार ते आधी ठरवा, मग मी बाजू घेतो.


कलम तीन:

दोन्ही बाजूंना एक कायदेशीर आठवण. नवं राज्य करायला महाराष्ट्राची परवानगी लागत नाही. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक संसदेत मांडता येतं, संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. साधं बहुमत पुरतं. तेलंगणाच्या वेळी आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं, २ जूनला राज्य झालं.

म्हणजे अडचण कायद्याची नाही, मतांची आहे. विदर्भाचे खासदार १०. लोकनायक बापूजी अणे १९६२ ला वेगळ्या विदर्भाच्या भूमिकेवर नागपुरातून अपक्ष निवडून आले. १९७१ ला जांबुवंतराव धोटे आले. त्यानंतर त्या मुद्द्यावर दिल्लीला कोण गेलं? भाजपने १९९७ ला भुवनेश्वरला ठराव केला, त्यावर वर्षानुवर्षं मतं मागितली, २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड अशी तीन राज्यं केली, विदर्भाचं नाव आलं की मित्रपक्ष शिवसेनेकडे बोट. काँग्रेसने तर एकाच सभेत दोन्ही बाजूंची भाषणं केली. विदर्भातल्या मतदाराने या दोघांनाही कधी शिक्षा दिली नाही. ज्या मागणीसाठी मतदार आमदार पाडत नाही, ती मागणी पुढारी फक्त जेवणानंतरच्या पानासारखी तोंडात ठेवतात.

पैशाबद्दल थोडं. "कोळसा आमचा, वीज आमची" ही घोषणा मी कॉलेजपासून ऐकतोय. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं, खरं आहे. पण वीज शुल्क वीज जिथे वापरली जाते तिथल्या राज्याला मिळतं, तयार होते तिथल्याला नाही. जीएसटीही तसाच, माल खपतो तिथे. उत्पादक प्रदेशाला धूर मिळतो. हक्काचं राहतं ते खनिजाचं स्वामित्वधन, कोळशावर १४ टक्के, तेवढं थेट नव्या राज्याच्या तिजोरीत येईल. शिवाय वित्त आयोग केंद्राचा पैसा वाटताना ज्या राज्याचं दरडोई उत्पन्न कमी त्याला झुकतं माप देतो. आज विदर्भाची गरिबी मुंबईच्या सरासरीत बुडून जाते. वेगळा झाला तर ती कागदावर दिसेल. हा मुद्दा विदर्भवादी क्वचितच मांडतात, कारण "आम्ही श्रीमंत आहोत, आम्हाला लुटलं" हे म्हणायला बरं वाटतं आणि "आम्ही गरीब आहोत, ते दिसू द्या" हे म्हणायला नाही.


पंचगंगा:

@कलम तीन, आणि कर्ज? आंध्रची वाटणी करताना कर्ज लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलं गेलं. महाराष्ट्राच्या कर्जातला पाचवा हिस्सा डोक्यावर घेऊन पहिल्या दिवशी दुकान उघडायचं. तेलंगणाकडे हैदराबाद होतं. विदर्भाकडे हैदराबाद कुठलं? उत्तराखंड बघा, राज्य झालं तरी डोंगरातली गावं ओस पडायची थांबली नाहीत. झारखंडात तर २००६ ला एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाला. लहान विधानसभेत पाच-सात आमदार फुटले की सरकार गेलं. तुम्हाला ठेकेदारांचा जाच आहे म्हणता, तर त्या ठेकेदाराला मुंबईपेक्षा नागपुरातलं छोटं सरकार विकत घेणं स्वस्त पडेल की महाग?


संत्रानगरी:

@पंचगंगा, तीच २००० सालची छत्तीसगड का सोडलीत? रायपूर पाहिलं आहे का गेल्या दहा वर्षांत?

आणि सरकार विकत घ्यायचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत २८८ च्या विधानसभेत काय काय फुटलं ते आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर बघितलं. मोठ्या आकाराने कुणाची अब्रू वाचली नाही.


झाडीपट्टी:

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, नागभीड तालुका. ज्या गोसीखुर्दवर तुम्ही सगळे भांडता त्याचा घोडाझरी शाखा कालवा आमच्या बाजूने जातो. "जातो" म्हणजे खणलेला आहे. मी शाळेत असताना पोकलेन आलं तेव्हा आम्ही बघायला पळत गेलो होतो. नंतर कितीतरी वर्षं त्यात उन्हाळ्यात बकऱ्या चरायच्या, काठावरच्या मुरमावर बेशरमाची झाडं माणसाच्या डोक्याएवढी झाली होती. धानाला शेवटचं एक पाणी पाहिजे असते, लोंब भरायच्या वेळी, दिवाळीच्या आगेमागे. तेवढं एक पाणी चुकलं की हातात कोंडा येतो. आमच्या बापाने ते एक पाणी डिझेल पंपाने बोडीतून काढून काढून दिलं.

आता माझं म्हणणं. मी आधी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा नव्हतो. नागपूरबद्दल वऱ्हाडी भाऊंनी लिहिलं ते आमच्याकडूनही खरंच आहे. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर, त्याला हैदराबाद जवळ. पण मेडीगड्डा झालं आणि माझं मत हललं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेलंगणा राज्य २०१४ ला झालं. दोन वर्षांत त्यांच्या मुख्यमंत्र्याने मुंबईत येऊन महाराष्ट्राशी करार केला. २०१९ च्या जूनमध्ये कालेश्वरम प्रकल्प सुरू, गोदावरीवर मेडीगड्ड्याला बॅरेज. आपले मुख्यमंत्री उद्घाटनाला पाहुणे. पाणी त्यांच्या शेतात, आणि पुराचं पाणी व फुगवटा आपल्या सिरोंच्याच्या शेतात. तिथले शेतकरी मोबदल्यासाठी उपोषणाला बसले. तीन वर्षांत सही ते उद्घाटन! आणि आमचं धरण १९८८ पासून. एकाच नदीचं खोरं, फरक एवढाच की पलीकडे एक राज्य होतं ज्याला दुसरं कामच नव्हतं, आणि अलीकडे एक तालुका होता, मंत्रालयापासून हजार किलोमीटरच्या पलीकडे.


पंचगंगा:

@झाडीपट्टी, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मेडीगड्ड्याचे खांब ऑक्टोबर २०२३ ला खचले, हेही लिहा. सुरू होऊन चार वर्षं झाली होती. छोट्या राज्याने घाईत केलेलं काम.


झाडीपट्टी:

लिहिलं असतं. खांब खचायला आधी खांब लागतात.


दुष्काळी पाहुणा:

बीडहून लिहायलोय. आम्हाला कुणी विचारलं नाही तरी बोलतो.

विदर्भ करार करून आला म्हणून त्याच्याकडे दाखवायला कागद आहे. मराठवाडा १९५६ ला बिनशर्त आला. हैदराबादच्या निजामातून सुटलो होतो, मराठी मुलखात जायचं एवढंच डोक्यात. अट घालायची असते हेच सुचलं नाही. नागपूर करारात आमचंही नाव आहे, पण ते पंगतीत शेवटी बसणाऱ्यासारखं.

माझा विरोध स्वार्थी आहे, लपवत नाही. अनुशेष म्हटलं की आजवर विदर्भ आणि मराठवाडा हे दोन साक्षीदार उभे राहिले. त्यातला एक उठून गेला की दुसऱ्याचं कोण ऐकणार? विदर्भाचे ६२ आमदार गेल्यावर मराठवाड्याचे ४६ उरलेल्या महाराष्ट्रात पाण्यावर काय भांडणार? जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणायला आत्ताच कोर्टात जावं लागतं. २०१६ ला राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे विदर्भासोबत मराठवाडाही वेगळा करा म्हणाले आणि त्यांना पद सोडावं लागलं, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी टँकर आला का, हेच बोलणं.


कलम तीन:

या निमित्ताने आठवलं. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये मराठी भाषकांची एक नव्हे, चार राज्यं सुचवली होती: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मध्य म्हणजे बहुतांशी @दुष्काळी पाहुणा यांचा मुलूख. गंमत अशी की त्याआधी, १९४८ ला, त्यांनी एका महाराष्ट्राची बाजू मांडली होती. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना आपापल्या व्यासपीठावर घेतात, फक्त साल सांगत नाहीत.


पांढुर्णा नाका:

मी सध्याच्या मध्य प्रदेशातला, जाम नदीच्या काठचा. आमच्या गोटमारीचे व्हिडिओ तुम्ही दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बघता, ते गाव.

१९५६ ला रेषा मारली तेव्हा सौंसर, पांढुर्णा, मुलताई तिकडेच राहिले. घरात मराठी, शेतात मराठी, हरिपाठ मराठी, तहसीलमध्ये हिंदी. आजी सातबारा म्हणायची, कागदावर खसरा-खतौनी. नागपूर आम्हाला शंभर किलोमीटर, भोपाळ त्याच्या अडीचपट. अजूनही मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याची मंडी, सगळं नागपूर. माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, ती हा मजकूर मला वाचायला लावते.

तुमच्या भांडणात माझं मत नाही. एवढंच विचारायचं आहे, विदर्भ वेगळा झाला तर आम्हाला घेणार का? की पुन्हा आठ जिल्हेच मोजणार?


संत्रानगरी:

@पांढुर्णा नाका, मनापासून घेईन, पण माझ्या हातात काय आहे. खरं सांगायचं तर गेल्या पन्नास वर्षांत विदर्भवाद्यांच्या नकाशात तुमचं नाव बघितल्याचं आठवत नाही. ही आमची चूक.

@वऱ्हाडी ठेचा, तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात होतं. धागा टाकताना नागपूर माझ्या हातून आपोआप आलं, त्याबद्दल कान धरतो. लग्नातल्या काकांना उत्तर द्यायला बसलो आणि काकांसारखंच बोललो.

तरी मागणी सोडत नाही. माझा प्रस्ताव असा: विदर्भ राज्याच्या कायद्यातच लिहून टाकायचं. खर्च लोकसंख्या आणि अनुशेष यांच्या प्रमाणात, अमरावती विभागाचा हिस्सा वेगळा राखलेला. दुसरी राजधानी अमरावतीला, वर्षातून एक अधिवेशन तिकडे. खारपाणपट्ट्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण. गडचिरोलीचं खनिज स्वामित्वधन गडचिरोलीतच. नव्या नोकऱ्या जिल्हावार. सह्या दोन्ही विभागांच्या पुढाऱ्यांच्या.


वऱ्हाडी ठेचा:

राजेहो! खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्या प्रमाणात, वर्षातून एक अधिवेशन आमच्या गावात, अन् खाली पुढाऱ्यांच्या सह्या. हे मी कुठेतरी वाचलं आहे. वर तुमच्याच धाग्यात.


पंचगंगा:

याला म्हणतात घरचा आहेर.


संत्रानगरी:

मान्य, सापडलो. पण फरक आहे. तो करार कागद होता, हा संसदेचा कायदा असेल.


कलम तीन:

३७१(२) सुद्धा घटनेतच आहे. मंडळं यायला ३८ वर्षं लागली. नुसती नोंद.


झाडीपट्टी:

तुमचं होऊ द्या. मागच्या हंगामात आमच्या कालव्याला दोनदा पाणी आलं. शेपटाच्या गावापर्यंत पोचलं नाही, पण आलं. कुणाच्या आंदोलनाने आलं ते गावात कुणालाच सांगता येत नाही, दोन्ही पक्षांचे बॅनर मात्र लागले आहेत. बेशरमाची झाडं आम्हीच गावकऱ्यांनी काढली.


वऱ्हाडी ठेचा:

@झाडीपट्टी, अभिनंदन भाऊ. आमच्या जिगावचं पाणी आलं की मीही पेढे पाठवीन, पत्ता बदलू नका.

@संत्रानगरी, मसुदा लिहायला बसा. मी वाचीन. पहिलं कलम मात्र माझं: अधिवेशन अमरावतीले नाही, बुलढाण्याले. डिसेंबरात थंडी तुमच्यापेक्षा बरी असते. हुरडा आमच्याकडून, पेट्या मात्र कोणी गाडीत टाकायच्या नाहीत.